नाव शेवटी : नाशिकच्या वाइन पट्ट्यातले चार दिवस

वाइन चाखताना दोन वेगळी कामं करायची असतात. ग्लासातली वाइन कशी आहे हे ठरवणं एक, आणि ती कोणत्या द्राक्षाची, कुठली, किती जुनी हे ओळखणं दुसरं. बहुतेक जण दुसऱ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. ‘शिराज द्राक्ष असणार’ असं एकदा मनात आलं की नाक मिरीचा वास शोधायला लागतं, आणि तो नसला तरी सापडतो. म्हणून या फेरीचा नियम एकच होता : आधी रंग, मग वास, मग चव, मग दर्जा, आणि नाव सगळ्यांत शेवटी.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निवडण्यामागे कारण आहे. नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी) होते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठी), आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. युरोपात घड पिकतो तेव्हा दिवस थंडीकडे झुकत असतात. इथे तो उन्हाळ्याच्या तोंडावर पिकतो. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे तो मऊ पडून पिकू लागल्यावर, ऊन चढत जातं, साखर भराभर वाढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने घसरतो. इथल्या वाइनचं अर्धं गणित या एका गोष्टीत आहे. युरोपसाठी बनवलेले तक्ते नाशिकच्या ग्लासाला जसेच्या तसे लावले तर ते चुकतात, ते याच कारणाने.

बॅगेत सहा सारखे ग्लास घेतले. मापाचा टेस्टिंग ग्लास साधारण 215 मिलिलिटरचा, पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता असतो. त्यात वाइन फक्त 50 मिलिलिटर. घरीच मापाच्या कपाने पाणी ओतून ती पातळी कुठे येते ते पाहून ठेवावं. एका ग्लासात 40 आणि दुसऱ्यात 80 असेल, तर रंगाची आणि वासाची तुलनाच होत नाही. ग्लास नुसत्या गरम पाण्याने धुवायचे. लाकडी कपाटात उपडे ठेवले तर कपाटाचा वास ग्लासात भरून राहतो. शिवाय पांढरे कोरे कागद, वही, थुंकायला अपारदर्शक मग, पाणी आणि साधा पाव. सेंट, मोगऱ्याचा गजरा, उदबत्ती आणि पान वर्ज्य. दात घासल्यावर तासभर तरी चाखू नये.

दिवस पहिला : गंगापूर रोड, पांढऱ्या वाइन

नाशिकला सकाळी पोचल्यावर पाय आपोआप मिसळीकडे वळतात. ती चाखणं संपल्यावर खावी. तिखटाने पोळलेल्या जिभेवर अल्कोहोल जास्त जळजळीत लागतं, लाल वाइनचा तुरटपणा कडवट वाटतो, आणि हे सगळं आपण वाइनच्या माथी मारतो. टेस्टिंग रूम उघडल्याबरोबर, दुपारच्या जेवणाआधी जावं. भूक असताना नाक तल्लख असतं आणि गर्दीही नसते. 26 जानेवारीसारखे ड्राय डे आधी बघून ठेवावेत आणि वयाचा पुरावा जवळ असू द्यावा.

गंगापूर धरणाच्या आसपास सुला, यॉर्क, सोमा या वाइनरी एकमेकांपासून फार लांब नाहीत. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात सुलाचे राजीव सामंत यांनी इथे शेनिन ब्लाँ आणि सोव्हिनिऑन ब्लाँ लावली, आणि खाण्याच्या द्राक्षांसाठी माहीत असलेल्या नाशिकची वाइनमधली ओळख या दोन पांढऱ्या जातींपासून सुरू झाली. म्हणून पहिला दिवस पांढऱ्यांना दिला.

फ्रिजमधून काढलेली वाइन 4-5 अंशांवर असते आणि त्या थंडीत वास मुका होतो. ग्लासाचं पोट दोन्ही तळव्यांत धरून पाच-दहा मिनिटं थांबलं की ती 10 अंशांच्या आसपास येते. मग ग्लास कोऱ्या कागदावर 45 अंशांत तिरपा करून रंग बघायचा. पांढऱ्या वाइनमध्ये हिरवट झाक, लिंबाच्या सालीचा पिवळा, सोनेरी, मधाचा तपकिरी असे टप्पे असतात. वर्षभराच्या शेनिनमध्ये तपकिरी छटा दिसली तर ती वहीत ठळक लिहावी. बाटलीत हवा शिरल्याची ती पहिली खूण असू शकते. ग्लासाच्या आतून ओघळणाऱ्या रेषांना लोक फार महत्त्व देतात. त्या अल्कोहोलबद्दल आणि साखरेबद्दल थोडं सांगतात, दर्जाबद्दल काहीच नाही.

वास दोनदा घ्यायचा. पहिला ग्लास न हलवता, कारण हलके वास हलवल्याबरोबर उडून जातात. दुसरा टेबलावर गोल फिरवल्यानंतर. हुंगणं छोटं, दोन सेकंदांचं. लांब श्वास घेत राहिलं तर नाक त्या वासाला सरावतं आणि वाइन ‘बिनवासाची’ वाटू लागते. असं झालं की स्वतःच्या बाहीचा वास घ्यावा, नाक पुन्हा जागेवर येतं. वासाची ताकद मोजायची सोपी रीत म्हणजे ग्लास हनुवटीशी असतानाच वास आला तर तो जोरकस, आणि नाक आत खुपसावं लागलं तर मंद.

आता सगळ्यांची गाडी अडते ती जागा. वास येतो, पण नाव येत नाही. यावरचा अभ्यास संध्याकाळी खोलीवर केला. स्वस्त, फारशा वासाची नसलेली पांढरी वाइन सहा ग्लासांत 50-50 मिलिलिटर घ्यायची. एकात सिमला मिरचीचा सेंटिमीटरभर तुकडा, दुसऱ्यात पिकल्या पेरूची फोड, तिसऱ्यात ठेचलेल्या दोन मिरी, चौथ्यात एक लवंग, पाचव्यात संत्र्याची साल, आणि सहावा तसाच. बशीने झाकून दहा मिनिटं ठेवायचं, मग तुकडे काढून टाकायचे. मिरची अर्धा तास राहिली तर ग्लासात दुसरं काही उरत नाही. आधी बघून वास घ्यायचा, मग दुसऱ्याने ग्लास अदलाबदल करायचे आणि डोळे मिटून ओळखायचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अ‍ॅन नोबल यांनी 1984 साली वासांचं चक्र मांडलं, त्यामागचं तत्त्व हेच : ‘छान’, ‘रुबाबदार’ असे शब्द सोडा आणि स्वयंपाकघरात सापडेल असा वास सांगा. त्या चक्रातल्या ब्लॅककरंटपाशी आपण अडखळतो, कारण ते फळ आपण खाल्लेलंच नसतं. तिथे बिनदिक्कत जांभूळ, करवंद, तुती, कैरी, गवती चहा लिहावं. शब्द आपला असला तरी चालतो. त्याच वासाला प्रत्येक वेळी तोच शब्द आला पाहिजे.

चवीला एक मोठा घोट घेऊन तो तोंडभर फिरवायचा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढायची आणि थुंकायचं. थुंकण्यात लाजण्यासारखं काही नाही. सहा ग्लास पोटात गेले तर 300 मिलिलिटर होतात, म्हणजे 13 टक्क्यांच्या वाइनमधून सुमारे 31 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. चौथ्या ग्लासानंतरच्या नोंदींवर मग विश्वास ठेवता येत नाही. थुंकलं तरी थोडं शोषलं जातं, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने चाखू नये.

गोडवा आणि फळाचा वास यांची गल्लत फार होते. पिकल्या पेरूचा वास आला की वाइन गोड वाटते, साखर नसली तरी. नाक चिमटीत धरून घोट घेतला की वास गळतो आणि जिभेवर खरी साखर तेवढी उरते. आंबटपणा मोजायला जीभ वापरू नये, लाळ वापरावी : थुंकून झाल्यावर मान खाली घाला, तोंड किंचित उघडं ठेवा आणि लाळ किती वेगाने सुटते ते बघा.

नाशिकच्या शेनिन आणि सोव्हिनिऑनमध्ये गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्हींत पेरू येतो, दोन्ही स्टीलच्या टाकीत 12 ते 15 अंशांवर आंबवलेल्या असतात, आणि त्या थंड आंबवणीतून केळं, पेअर, लिमलेटच्या गोळीसारखे वास दोन्हींत उतरतात. ते वास जातीचे नाहीत. कोवळेपणाचे आणि टाकीचे आहेत, आणि वर्ष-दीड वर्षात विरून जातात. म्हणून केळ्यावरून जात ठरवायची नाही, वय ठरवायचं. सोव्हिनिऑनची खूण त्याखाली असते : सिमला मिरची, चिरलेलं गवत, टोमॅटोचं पान. तो वास मेथॉक्सिपायरझिन या संयुगांचा. लिटरला काही नॅनोग्रॅम पुरतात, पण घड उन्हात तापला की ती नाहीशी होतात. नाशिकच्या सोव्हिनिऑनमध्ये हिरवा वास कमी आणि पॅशन फ्रूट जास्त, ते त्यामुळे. शेनिनमध्ये हिरवं जवळजवळ नसतं. सफरचंद, पेरू, कधी मध, आणि बऱ्याचदा मुद्दाम ठेवलेली थोडी साखर.

आणखी दोन पांढऱ्या जाती भेटतात. व्हिऑनिये जर्दाळू आणि फुलांच्या वासावरून, आणि त्याहून जास्त तोंडातल्या तेलकट गुळगुळीतपणावरून कळते. रिझलिंगमध्ये रॉकेलचा वास आला तर बाटली परत करू नये. उन्हात वाढलेल्या मण्यांमधून येणारा तो त्या जातीचाच वास आहे.

दिवस दुसरा : दिंडोरी, मणी आणि बुडबुडे

नाशिकपासून दिंडोरी साधारण पाऊण तास. सकाळी बागेत जाता आलं, तर परवानगी घेऊन आणि फवारणी कधी झाली ते विचारून चार-पाच मणी चाखावेत. वाइनचा मणी खाण्याच्या थॉमसन द्राक्षापेक्षा बारीक, जाड सालीचा आणि बियांचा. गर आधी गिळायचा : साखर आणि आंबट तिथे कळतं. मग साल दाताखाली बराच वेळ चावायची : रंग आणि सालीतला तुरटपणा. शेवटी बी. हिरवी बी कडू आणि ओली लागते, पिकलेली तपकिरी आणि भाजल्या दाण्यासारखी कुडकुडीत. गरम हवेत साखर पुढे धावते आणि बी मागे राहते. बागायतदार साखर बघून तोडतो, आणि तीच हिरवी बी पुढे लाल वाइनमध्ये हिरड्या खरवडते. शिवारात रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचं उपकरण) दिसला तर त्यावरच्या ब्रिक्सला, म्हणजे साखरेच्या आकड्याला, 0.55 ते 0.6 ने गुणा, संभाव्य अल्कोहोल मिळतं : 23 ब्रिक्सचे साधारण 12.7 ते 13.8 टक्के. अंध चाखणीत, म्हणजे बाटली न बघता चाखताना, हेच गणित उलटं वापरायचं असतं.

दिंडोरी तालुक्यात शाँदों या बुडबुड्यांची (स्पार्कलिंग) वाइन करणाऱ्या कंपनीची वाइनरी आहे. त्यांची पहिली भारतीय स्पार्कलिंग 2013 साली बाजारात आली. भेट आधी ठरवावी लागते. महाराष्ट्रात बुडबुड्यांसाठी वाइन बाटलीत दुसऱ्यांदा आंबवायची रीत त्याच्याही आधीची आहे. 1980च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने ती आणली आणि तिथली वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात गेली. नाशिकच्या हवेला ही वाइन मानवते, कारण तिच्यासाठी घड मुद्दाम लवकर, आंबटपणा शाबूत असताना तोडतात. उन्हाळा गाठायच्या आत माल टाकीत गेलेला असतो.

बाटलीत लिटरला 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घातलं की बाहेरच्या हवेच्या सुमारे सहापट दाब तयार होतो. काम संपल्यावर यीस्टचा गाळ बाटलीत महिनोन्‌महिने राहतो आणि त्यातून पावाच्या बेकरीचा, बिस्किटाचा वास उतरतो. टाकीत बुडबुडे आणलेल्या वाइनमध्ये हा वास जवळजवळ नसतो, नुसतं फळ असतं. या दोन रीती ओळखायच्या त्या इथे. बुडबुडे डोळ्यांनी मोजण्यात अर्थ नाही. ग्लासाला साबणाचा अंश राहिला तर उत्तम वाइनही मेल्यासारखी दिसते. फेस जिभेवर जाणून घ्यावा, मऊ साय की सोड्याचे टोचे. लेबलवर ब्रूट (कमी साखरेची) असेल तर साखर लिटरला 12 ग्रॅमच्या आत. पण आंबटपणा जास्त असल्याने 10 ग्रॅमही जाणवत नाहीत. नाशिकमध्ये फसगत होते ती बहुधा याच जागी.

दिवस तिसरा : सांजेगाव, लाल वाइन

इगतपुरी तालुक्यात सांजेगावला, मुकणे धरणाच्या बाजूला ग्रोव्हर झँपा आणि व्हॅलोने या वाइनरी आहेत. हवा नाशिक शहरापेक्षा जरा ओलसर, पाऊस जास्त. हा दिवस लाल वाइनचा, आणि तो घाईत उरकू नये.

आदल्या रात्री खोलीवर दोन मापं तयार केली होती. आपल्याकडची वोडका साधारण 42.8 टक्क्यांची असते. तिचे 28 मिलिलिटर पाण्याने 100 पर्यंत नेले की 12 टक्के होतात, 33 नेले की 14. दोन्हींचा एकेक घोट घेऊन थुंकला की फरक घशाशी कळतो : 12 ला ऊब, 14 ला झळ. तुरटपणासाठी कडक, गाळून गार केलेला कोरा चहा आणि पानातला कात. कात हिरड्यांवर जसा बसतो तशी जागा लाल वाइनमध्ये शोधायची. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं, तुरटपणाने तोंड कोरडं पडतं. या दोन्हींना ‘आंबट’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि तिथून पुढचं सगळं अनुमान ढासळतं.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यायची ही थंड देशातली गोष्ट. फेब्रुवारीच्या दुपारी इथली खोली 28-30 अंशांवर असते, आणि त्या तापमानाला अल्कोहोल नाकात चढून बाकी सगळं झाकतं. बाटली बर्फाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून 16-18 अंशांवर आणायला सांगावं. टेबलावरचं चीज मात्र शेवटपर्यंत दूर ठेवावं. स्निग्धांश आणि मीठ तुरटपणा झाकतात आणि सामान्य वाइनही मखमली लागते.

रंगात एक सापळा आहे. जांभळी कड कोवळ्या वाइनची आणि विटकरी कड जुन्या वाइनची, हे बरोबर. पण आंबटपणा कमी असेल तर रंग निळसर दिसतो, आणि नाशिकच्या लाल वाइनमध्ये ते सर्रास आढळतं. निळसर कड दिसली की फक्त ‘कोवळी’ लिहून थांबू नये, आंबटपणा तपासावा.

शिराज आणि कॅबर्ने सोव्हिनिऑन ही इथली दुसरी गोंधळाची जोडी. शिराजची मिरी रोटंडोन या संयुगाची, आणि पाचपैकी साधारण एका माणसाला रोटंडोनचा वासच येत नाही. हे 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. काळी मिरी ठेचून हुंगल्यावर आपल्याला वास येतो का, हे पहिल्या रात्रीच्या ग्लासातून समजतं. येत नसेल तर शिराजसाठी दुसरी खूण धरावी लागते. शिवाय थंड हवेत मिरी जास्त आणि उष्ण हवेत कमी, तेव्हा नाशिकच्या शिराजमध्ये तिची वाट बघत बसू नये. जांभूळ, तुती, मधोमध भरलेलं तोंड आणि मऊ तुरटपणा ही शिराज. कॅबर्नेमध्ये सिमला मिरची किंवा पुदिना, तुरटपणा दाणेदार, आणि तोंडाच्या मध्यावर किंचित पोकळी. मर्लो ही दुसरी लाल जात अनेकदा ती पोकळी भरायला मिसळलेली असते, म्हणून मिश्रण असण्याची शक्यता कायम धरावी.

व्हॅनिला, खोबरं, लवंग, धूर हे वास द्राक्षाचे नाहीत, ओकच्या पिंपाचे. खोबरं ठळक असेल तर अमेरिकन ओकचा संशय घ्यावा. सहा लाल वाइनमधल्या चारांना ‘लवंग, व्हॅनिला’ लिहिलं असेल, तर आपण जात नाही, सुताराचं काम चाखतोय. अशा वेळी ओकचे शब्द वहीत बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर विचार करायचा.

दर्जा ठरवताना आवडनिवड मधे येऊ न देता चार गोष्टी बघतात. आंबट, तुरट, अल्कोहोल, गोडवा यांतलं काही एकटं वर डोकं काढतंय का, वास-चवीची ताकद, किती वेगवेगळे थर, आणि थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते. सेकंद मनात खरंच मोजावेत. मोजायचं ते फळाचं टिकणं. कडवटपणा किंवा जळजळ मागे राहिली तर ती यात धरायची नाही. इथल्या लाल वाइनमध्ये बहुतेकदा पहिलं खटकतं. 14 टक्क्यांची झळ आणि खाली घसरलेला आंबटपणा. कधी उलटही होतं : टार्टारिक आम्ल घालून आंबटपणा उचललेला, आणि तो फळापासून सुटा, जिभेच्या कडेला टोचणारा. नियमाने ते घालता येतं आणि उष्ण प्रदेशांत सगळीकडे घालतात. ते वाइनमध्ये मुरलेलं आहे का, एवढाच प्रश्न.

दिवस चौथा : निफाड, विंचूर, आणि झाकलेल्या बाटल्या

छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निफाड, पुढे विंचूर. 2001च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूरला वाइन पार्क उभा राहिला. वाटेत कुंदेवाडीला रेव्हेलो ही वाइनरी आहे. ग्रिल्लो, नेरो दाव्होला या सिसिलीच्या जाती त्यांनी इथे लावल्या, आणि उन्हाळी हवेला सरावलेल्या जाती इथे काय करतात हे ज्याला बघायचं असेल त्याने ती भेट चुकवू नये.

दुपारी अंध चाखणी. त्याआधी दोषांची उजळणी, कारण सदोष वाइनवरून जात ओळखायला बसणं म्हणजे वेळ फुकट. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद घरातल्या पोत्याचा वास हा बुचाचा दोष, टीसीए या संयुगाचा. फळ दबून जातं आणि हवा लागली तरी वास जात नाही. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत तो फार विरळा. तिथे उलटा दोष भेटतो : उकडलेलं अंडं, जळलेली काडी. हा गंधकाचा वास दहा मिनिटं ग्लास फिरवून जातो का बघावं. शंका राहिली तर स्वच्छ घासलेली तांब्याची तार ग्लासात बुडवून हलवावी. अंड्याचा वास गेला की निदान पक्कं. ती वाइन मग ओतून द्यावी. नेलपॉलिश रिमूव्हर आणि व्हिनेगर हे बॅक्टेरियांचं काम. घोड्याच्या तबेल्याचा, चिकटपट्टीच्या औषधाचा वास ब्रेटानोमायसिस यीस्टचा. आणि आपल्याकडचा सगळ्यांत मोठा दोष वाइनरीत होतच नाही, वाहतुकीत आणि दुकानात होतो : तापलेली बाटली. फळाऐवजी मुरांबा, काकवी, खारीक असा शिजलेला वास, आणि कधी वर सरकलेलं बूच.

सहा बाटल्या तिसऱ्या माणसाने दुसऱ्या खोलीत जगमध्ये ओताव्यात आणि ग्लासांना आकडे द्यावेत. कापडात गुंडाळलेली बाटली पुरेशी नाही. मान आणि झाकण बरंच सांगून जातात. रंगाचा दबाव किती असतो हे बोर्दोच्या एका प्रयोगातून दिसलं. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात 54 जणांपुढे बिनवासाच्या रंगाने लाल केलेली पांढरी वाइन ठेवली, आणि त्यांनी तिला लाल वाइनचे शब्द लावले. म्हणून दोन ग्लास तरी डोळे मिटून घ्यावेत.

एक ग्लास कसा सोडवायचा ते बघा. गडद जांभळा, कड निळसर. वास जोरकस : जांभूळ, तुती, थोडी लवंग. सिमला मिरची नाही, मिरी नाही. आंबटपणा मध्यम, तुरटपणा मध्यम आणि मऊ, घशाला झळ, म्हणजे 14च्या आसपास. चव आठ सेकंद. दर्जा चांगला, उत्तम नाही, कारण अल्कोहोल सुटं पडतंय. इथपर्यंत पुरावा, आता वजाबाकी. हिरवं नाही, तुरटपणा दाणेदार नाही : कॅबर्ने मागे पडते. जळक्या बेरीचा, मनुक्याचा वास नाही : झिनफँडेलही मागे. शिराज आणि मालबेक या लाल जाती उरतात. मालबेकमध्ये व्हायोलेटसारखा फुलांचा वास असतो, इथे नाही. उत्तर शिराज, उष्ण हवा, दोन वर्षांच्या आत, थोडा ओक. दर्जा चांगला, उत्तम नाही, कारण अल्कोहोल सुटं पडतंय. नाव चुकलं तरी दर्जाची ओळ बरोबर असेल तर ग्लास वाया गेला नाही. सोमेलियेंच्या (हॉटेलात वाइन निवडून देणाऱ्या जाणकारांच्या) वरच्या परीक्षांत असे सहा ग्लास 25 मिनिटांत सोडवायचे असतात. सुरुवातीला एकाला दहा मिनिटं द्यावीत.

आपल्याला शिराज आणि कॅबर्ने खरंच वेगळ्या लागतात की नुसतं वाटतं, याची कसोटी तीन ग्लासांची. दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास शोधायचा. ओतणाऱ्याने प्रत्येक फेरीत जागा बदलाव्यात आणि ग्लासात 20 मिलिलिटर पुरे. नुसत्या नशिबाने तीनपैकी एकदा उत्तर बरोबर येतं, म्हणून सहा फेऱ्यांत चार बरोबर आले तर ते अजून नशीबच समजावं. पाच आले तर फरक कळतोय; नशिबाने तसं होण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी.

परतीच्या गाडीत बाटल्या डिकीत ठेवू नयेत. दुपारी उन्हात उभ्या गाडीची डिकी फार तापते. थर्माकोलच्या डब्यात, सीटखाली, आणि वाटेत जेवायला थांबलात तर डबा बरोबर घेऊन उतरायचं. उघडलेली उरली-सुरली वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी, वहीतली जुनी नोंद न बघता, पुन्हा रंगापासून लिहायला घ्यावी.